फुंकणाऱ्याचा श्वास

माणूस ऑपरेशनला घाबरतो, हे कातरीकाकूंना समजत होतं. पण टेबलावर चढवलेला नवरा, अंगाला सुरी लागायच्या आत, जसाच्या तसा खाली उतरवून परत हातात देतात, हे मात्र त्यांच्या समजुतीच्या पलीकडचं होतं. दुकानातून आणलेली वस्तू नापसंत म्हणून परत करावी, तसा इस्पितळाने त्यांचा नवरा परत केला होता. त्याला आज सोळा दिवस झाले होते आणि काकूंचा राग तसूभरही उतरला नव्हता.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. काच फुंकणारा माणूस. लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकणी हातात सतत फिरवत ठेवायची, आणि फुंकत फुंकत त्या गोळ्यातून दिव्याचा गोल म्हणा, प्रयोगशाळेचा चंबू म्हणा, मागाल ते काढायचं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. काकू त्यांच्या डाव्या हाताला बसत आणि काच मऊ आहे तोवर मोठ्या कातरीने तिचा गळा कापत, म्हणून त्या कातरीकाकू. जीभही तशीच चालते म्हणून ते नाव पडलं, असं कारखान्यातले लोक म्हणत. पण काकूंच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

उस्तादांच्या आतड्यात गाठ होती. सर्जन उंच, घाईचे, पण सरळ बोलणारे. त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं होतं, गाठीपाशी पेनाने गोल केला होता आणि म्हणाले होते, "आत्ता अख्खी निघेल. उशीर झाला तर मी हात लावणार नाही, कारण लावून उपयोग नसेल." त्यात उस्तादांच्या हृदयाच्या दोन नळ्या अरुंद निघालेल्या. गोळ्या चालू होत्या, पण हृदय म्हणजे जरा जपूनच वापरायचं सामान झालं होतं.

आणि मग तो सोळा दिवसांपूर्वीचा प्रकार. टेबलावर झोपवलं, तोंडावर मास्क धरला, "मोठे श्वास घ्या" म्हणाले. प्राणवायूचा आकडा काही चढेना. "अजून मोठा घ्या, काका, मोठा!" उस्ताद घामाघूम झाले, छाती धडधडायला लागली, पडद्यावरची हृदयाची रेघ खाली वाकली. शेवटी उस्तादांनी मास्क भिरकावून दिला. त्या दिवशीचे भूल देणारे डॉक्टर तरुण होते आणि शहाणे होते. त्यांनी तिथेच थांबवलं. रेघ वाकलेल्या हृदयाला भूल देण्यापेक्षा माणूस जिवंत घरी पाठवलेला बरा. इथवर काकूंची तक्रार नव्हती. पण त्यांनी कागदावर लिहिलं, "पेशंट सहकार्य करत नाही." ते वाचून काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सहकार्य करत नाही म्हणे! तेहतीस वर्षं मी या माणसाशेजारी बसून काम करते, मला विचारा की! उकळती काच हातभर अंतरावर असते. सहकार्य केलं नसतं तर माझं तोंड असं राहिलं असतं का?"

आता उद्या दुसरी वेळ होती. सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं की उद्याही मास्कपाशीच अडलं, तर ते ऑपरेशनचा नाद सोडून नुसत्या औषधांवर ठेवतील. नुसती औषधं म्हणजे काय, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला वॉर्डमध्ये भूल देणाऱ्या दुसऱ्या डॉक्टर आल्या. बुटक्या, चाळिशी ओलांडलेल्या, केस कानावर कापलेले. सगळं इस्पितळ त्यांना भूलबाई म्हणत असे आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढलं, फाइल मिटून मांडीवर ठेवली आणि आधी उस्तादांच्या तोंडाकडेच नीट पाहून घेतलं.

"उस्ताद, कामावरून घरी जाताना भट्टी विझवता का हो तुम्ही?"

उस्ताद हसले. काय प्रश्न! "विझवली तर आतलं भांडं तडकेल. मंद करून ठेवतो."

"झालं तर मग. मीही तुम्हाला विझवणार नाही. मंद करून ठेवणार."

उस्तादांना हे पटलं. सोळा दिवसांत त्यांच्याशी कुणी त्यांच्या भाषेत बोललंच नव्हतं. ते उठून बसले.

"मंद भट्टीला हवा कमी लागते," भूलबाई म्हणाल्या. "शरीराचंही तसंच. आपण जागे असतो, बोलतो, काळजी करतो, त्या सगळ्याला प्राणवायू लागतो. भूल दिली की ही मागणी उतरते. चारातला एक भाग कमी झाली म्हणा."

"मग चांगलंच आहे की," काकू मध्येच म्हणाल्या.

"चांगलंच आहे. घोडं पेंड खातं ते पुरवठ्यापाशी. भूल दिली की छातीचे स्नायू सैल पडतात, फुफ्फुसं जरा आक्रसतात, खालचे कोपरे मिटतात. रक्तदाबही उतरतो. आणि झोप लागल्यापासून मी घशात नळी घालेपर्यंत तुमचा तुम्हाला श्वासच नसतो. तेवढा वेळ शरीर जगतं ते फुफ्फुसात भरून ठेवलेल्यावर. आत साधी हवा असेल तर मिनिटाभरात संपलं. पण आधी तीनचार मिनिटं मास्कमधून शुद्ध प्राणवायू ओढून घेतला, तर पाच-सहा मिनिटं पुरतो."

"आणि नळी लगेच गेली तर?"

"तर मिनिटाभरात काम होतं. पण ह्यांची मान बघा, आखूड. मला घशातली वाट शोधायला वेळ लागणार."

"मग तोवर बाहेरून हवा मारा ना तुम्ही."

भूलबाईंनी उस्तादांच्या गालाला बोट लावलं. एक्केचाळीस वर्षं फुगून फुगून ते गाल रिकाम्या पिशवीसारखे लोंबत होते. "यावर मास्क बसायचा कसा, काकू? कडेने सगळी हवा निघून जाईल. म्हणून म्हणते, साठा आधीच भरलेला पाहिजे. उस्तादांनी स्वतः भरलेला."

काकूंनी मान हलवली. हे सगळं त्यांना नीट कळलं होतं आणि इथे त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. त्या जरा सावरून बसल्या.

"आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, बाई. तुमच्या सिस्टरनी मागच्या वेळी ते तीन गोळ्यांचं खेळणं दिलं होतं ना, छातीच्या व्यायामाचं? सकाळ-दुपार-संध्याकाळ करून घेतलंय मी. सिस्टर म्हणाल्या होत्या, तिन्ही गोळे वर गेले पाहिजेत. अहो, गोळे नुसते वर जात नाहीत, आदळतात. दाखवा हो!"

उस्तादांनी कपाटातून ते यंत्र काढलं. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एकेक निळा गोळा, आणि तोंडात धरायची लवचीक नळी. त्यांनी ते अगदी सराईतपणे उलटं केलं, खालचं वर, नळी ओठांत धरली आणि फुंकर मारली. तिन्ही गोळे खाडकन टोकाला जाऊन आदळले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळी वाजवली.

भूलबाईंनी यंत्राकडे वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हे उलटं का धरलंत?"

"सुलटं चालतच नाही," उस्ताद म्हणाले. "नग खराब आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण उलटं धरलं की एकदम झकास चालतं."

"उस्ताद, हे फुंकायचं नसतं. ओढायचं असतं. श्वास आत."

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण खाली जावं. सोळा दिवस! दिवसातून तीनदा! आपण समोर बसून गोळे मोजले, शाबास म्हटलं, शेजारणीला बोलावून दाखवलं. कप्पाळ आपलं!

"मग ओढा की आता," त्या नवऱ्यावर उखडल्या. "ओढायचं म्हणतायत ना त्या!"

उस्तादांनी यंत्र सुलटं केलं. नळी ओठांत धरली. गाल फुगले. गोळे बुडाशी ढिम्म. पुन्हा धरली, पुन्हा गाल फुगले. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळाला घाम आला आणि मानेची शीर तटतटली. शरीर पुढे जायला बघत होतं आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं होतं. बसल्या बसल्या त्यांचे दोन्ही हात चादरीवर एकाच चालीने पुढे मागे घासत होते. फुंकणी फिरवताना हात फिरतात तसे. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

भूलबाईंनी हात पाहिले, मग तोंड पाहिलं. "उस्ताद, नळीला तोंड लावून आत ओढलं तर काय होतं?"

"मरतो माणूस," उस्ताद पटकन म्हणाले. मग दमाने सांगू लागले, "फुंकणीच्या आत आग असते, बाई. नुसती हवा, पण आग. पहिलं वर्षभर गुरूने मला दुसरं काही शिकवलं नाही. तोंड लागलं की बाहेरच, आत नाही. एकदा विसरलो. अर्धाच श्वास. अकरा दिवस पाणी गिळता येत नव्हतं. तेव्हापासून तोंडाला काही टेकलं की छाती मिटते. मी मिटत नाही, तीच मिटते."

"म्हणजे त्या दिवशी मास्क लावला तेव्हा..."

"मला वाटलं, मी ओढतोय." उस्तादांचा आवाज खाली गेला. "ते मोठा मोठा म्हणत होते आणि मी जीव खाऊन करत होतो. मला खरंच वाटलं, मी ओढतोय."

म्हणजे जितकं सांगितलं तितकं त्या माणसाने जास्त फुंकलं होतं. इतकं सहकार्य तर कुणीच केलं नसेल. काकूंना इतके दिवस येत होता तो राग आता कुणावर काढायचा तेच कळेना. त्यांनी उस्तादांच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

भूलबाई खाली बघून विचार करत होत्या. "पण काम करताना तुम्ही श्वास घेत असालच ना? कधी घेता?"

"घेतो कधीतरी. घेत नसतो तर इथे बसलो असतो का?"

"कधीतरी कशाला?" काकू म्हणाल्या. "माझ्या हुंकाराला घेतात."

उस्ताद त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना स्वतःलाही हे कळायला तेहतीस वर्षं आणि एक गाठ लागली होती.

काकूंनी मग समजावून सांगितलं. फुंकणारा फुंकणीच्या या टोकाला असतो. गोल किती फुगला हे त्याला नीट दिसत नाही. ते बाजूने काकूंना दिसतं. माप भरलं की त्या म्हणतात, "हं!" उस्ताद ओठ सोडतात, तोंड डावीकडे, भट्टीपासून बाजूला वळवतात आणि मग छातीभर घेतात. पुन्हा फुंकणी, पुन्हा हं. दिवसात हजार वेळा.

"दाखवा," भूलबाई म्हणाल्या.

शेजारच्या आजोबांचं वर्तमानपत्र गुंडाळून फुंकणी केली. उस्ताद फुंकायला लागले, काकू डावीकडे बसल्या. "हं!" उस्तादांचं तोंड डावीकडे वळलं आणि श्वास असा आत गेला की पोटापासून गळ्यापर्यंत सगळा माणूस भरून आला. भूलबाई उभ्याच राहिल्या.

"अजून एकदा. आता तोंड वळवलं की तिथे माझा हात असेल. हात, मास्क नाही. घाबरू नका."

त्यांनी ओंजळ उस्तादांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. हं! श्वास गेला. मग चार बोटांवर. गेला. मग ओंजळ नाकातोंडावर हलकेच टेकवली. उस्तादांची छाती अडली, हात चादरीवर फिरायला लागले. "हं," काकू पुन्हा म्हणाल्या, कामावर म्हणतात तशा, रोजच्या कंटाळलेल्या आवाजात. आणि दार उघडलं. श्वास गेला.

तासभर हेच चाललं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हा तर आगीनेच पोळलेला; त्याला एका तासात शिकवणं सोपं नव्हतं. सहातले चार श्वास जायला लागले तेव्हा भूलबाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही आत यायचं, काकू."

बाहेरच्या बाकापाशी आल्यावर त्यांनी एक गोष्ट वेगळी सांगितली. "हृदयाला स्वतःला रक्त कधी मिळतं ठाऊक आहे? दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. हृदय पळायला लागलं की काम वाढतं, मागणी वाढते, आणि विसावा आखूड होतो, म्हणजे पुरवठाही घटतो. दोन्हीकडून मार. मागच्या वेळी रेघ वाकली ती म्हणून. उद्या ते तुमच्याच आवाजावर असतील. तुमचा आवाज कापला तर त्यांचं हृदय पळेल."

"म्हणजे मी घाबरायचं नाही."

"घाबरा. फक्त आवाजाला कळू देऊ नका."

काकू बाकावर बसल्या. कुणापुढे असं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण निघून गेलं. "बाई, मला फार भीती वाटते. हजार वेळा रोज म्हणते मी ते हं, कधी लक्षही दिलं नाही. उद्याचं त्यातलं एक त्यांनी ऐकलेलं शेवटचं असलं तर? ह्यांना काही झालं तर मी काय करू, मला खरंच माहीत नाही."

भूलबाईंनी खोटा धीर दिला नाही. "मलाही भीती वाटते," त्या म्हणाल्या, "रोज. म्हणून तर साठा भरून घेते."

सकाळी ऑपरेशनच्या दारात सर्जन अडून बसले. "नातेवाईक आत? ही काय धर्मशाळा आहे?"

"पेशंटचा श्वास त्यांच्याकडे आहे," भूलबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे असेल तर द्या, त्यांना बाहेर बसवते."

सर्जननी दोन्ही हात वर केले आणि बाजूला झाले. काकूंना हिरवा अंगरखा चढवला, केसांवर टोपी घातली, आणि डाव्या हाताला स्टुलावर बसवलं. आतली थंडी भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या बाईला हाडापर्यंत लागली. उस्ताद पाठीवर झोपले होते. त्यांनी डोळे फिरवून काकूंना शोधलं आणि टोपी बघून म्हणाले, "शोभत नाहीये."

"तुमचंही काही फार शोभत नाहीये," काकू म्हणाल्या.

पडद्यावर दोन आकडे होते. एक ठोक्यांचा, ब्याण्णव. दुसरा भूलबाईंनी बोटाने दाखवला: बाहेर पडणाऱ्या श्वासात प्राणवायू किती आहे तो. तो पंचाऐंशीच्या वर गेला की साठा भरला. आत्ता तो अठरा होता.

मास्क वीतभर अंतरावर आला. "हं." श्वास गेला. मास्क जवळ आला. "हं." गेला. मास्क टेकला. उस्तादांची छाती मिटली, बोटं चादरीवर फिरायला लागली, ठोके अठ्ठ्याण्णव, एकशे चार. सर्जननी घड्याळाकडे पाहिलं. काकूंनी स्टुलाची कड घट्ट धरली. पण त्यांनी दिव्याचा तीनशेवा गोल आहे आणि जेवणाची सुट्टी व्हायला अजून तासभर आहे, अशा आवाजात म्हटलं, "हं."

तोंड डावीकडे वळलं. भूलबाईंचा हात मास्कसकट त्याच्यामागे वळला. श्वास आत गेला, खोल, पोटापर्यंत.

"हं."

चाळीस.

"हं."

अठ्ठावन्न. ठोके शंभराच्या खाली आले. काकूंनी आकड्यांकडे बघायचं सोडून दिलं आणि उस्तादांच्या डोळ्यांकडे बघायला लागल्या. ते डोळे त्यांच्यावरच होते. माप बरोबर भरतंय ना, असं विचारणारे. हं. भरतंय. हं. अजून थोडं. एकाहत्तर, त्र्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी.

"औषध सोडतेय," भूलबाई हलकेच म्हणाल्या. "थांबू नका, काकू."

"हं," काकू म्हणाल्या. उस्तादांच्या पापण्या जड झाल्या. "हं." श्वास गेला, पण अर्धाच. "हं." चादरीवरची बोटं थांबली. "हं," काकू पुन्हा म्हणाल्या, आणि तोंड वळलं नाही.

सिस्टरने त्यांना दंडाला धरून उठवलं. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्याने पुढे जाववेना. त्या वळून उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना ढकललं नाही. भूलबाई उस्तादांच्या डोक्याशी वाकल्या होत्या. नळी गेली नाही. त्यांनी हत्यार बदलून घेतलं, मानेखाली घडी सारली, पुन्हा वाकल्या. मिनिट गेलं. उस्तादांची छाती हलत नव्हती. माणूस श्वास घेत नाही हे डोळ्यांनी बघत उभं राहायचं म्हणजे काय असतं, ते त्या उभ्या राहणाऱ्यालाच विचारावं. दुसरं मिनिट. बोटाला लावलेल्या चिमट्याचा, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचा, आकडा शंभर होता, आणि शंभरच राहिला. तिसरं मिनिट. नव्व्याण्णव. उस्तादांनी स्वतः ओढून भरून ठेवलेलं होतं, त्यावर ते आत मंद, न विझता, तग धरून होते.

"गेली," भूलबाई म्हणाल्या. छाती वर आली. काकू तेव्हा बाहेर गेल्या.

पुढचे चार तास कसे गेले ते विचारू नका. काकूंनी बाक बदलला, पुन्हा पहिल्या बाकावर आल्या, भिंतीवरच्या फरशा मोजल्या, एका अनोळखी बाईशी विनाकारण भांडल्या आणि तिची माफीही मागितली. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीवर घामाची रेघ होती. "अख्खी निघाली," ते म्हणाले, "आजूबाजूला काही दिसलं नाही. तपासणीचा कागद येईलच, पण मी खूश आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "मघाशी धर्मशाळा म्हणालो, ते मागे घेतो." काकूंना त्यांच्या पाया पडावं की त्यांना मिठी मारावी ते कळेना, म्हणून त्यांनी नुसतीच मान हलवली.

जागं करायच्या खोलीत नेलं तेव्हा उस्ताद कुडकुडत होते. दात वाजत होते, खाट हलत होती, ठोक्यांचा आकडा एकशे अठरा. काकूंचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"निजलेली भट्टी एकदम फुलल्यासारखं आहे हे," भूलबाई काम करता करता म्हणाल्या. "थंडी भरली की स्नायू उष्णता करायला धावतात, मागणी दुप्पट होते, कधी त्याच्याही वर. ह्यांच्या हृदयाला ते नको." त्यांनी सलाइनमधून इंजेक्शन सोडलं. सिस्टरने गरम हवेचं फुगीर पांघरूण आणून गळ्यापर्यंत ओढलं. काकूंनी त्याखाली हात घालून उस्तादांचे पाय धरले आणि चोळायला सुरुवात केली. भट्टीजवळच्या बाईचे हात, ते कधी गार नसतात. पाचसहा मिनिटांत दात वाजायचे थांबले. एकशे दोन. त्र्याण्णव. चौऱ्याऐंशीला भूलबाईंनी स्टूल ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या.

उस्तादांनी डोळे उघडले. छत बघितलं, दिवा बघितला, आणि पायांशी बसलेली बायको बघितली. तिचे डोळे भरून वाहत होते.

"अगं, रडतेस काय?" त्यांचा आवाज घोगरा, खरखरीत होता. "अजून काही सुरूसुद्धा नाही झालं. मी तयार आहे. जा, त्यांना सांग, लावा म्हणावं मास्क."

काकूंना हसू की रडू ते समजेना. "अहो, झालं."

"काय झालं?"

"सगळं झालं. गाठ निघाली. अख्खी निघाली! तुम्ही चार तास झोपला होता."

उस्तादांनी भूलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. उस्तादांनी पांघरुणाखालून हात पोटाकडे नेला, पट्टी लागली, आणि तिथेच ठेवला. ते चार तास ते शोधत असावेत. ते त्यांच्याकडे नव्हतेच. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"आणि तू?"

"मी काय?"

"चार तास तू काय केलंस?"

"बसले होते बाहेर."

"काही खाल्लंस?"

काकूंनी मान हलवली. एक घोट पाणीसुद्धा घशाखाली उतरलं नव्हतं, हे त्यांना आत्ता आठवलं.

"जा, जेवून ये," उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते, छाती मात्र संथ वर जात होती, खाली येत होती, कुणी न सांगता. "मी आहे इथे."

काकू भूलबाईंकडे बघत उभ्या राहिल्या. भूलबाईंनी हाताने जा म्हटलं. मग काकू खरंच गेल्या, आणि पोटभर जेवल्या.